एक ओळ धरून जिल्ह्याचं अंदाजपत्रक वाचताना

तेरणाकाठ (धागाकर्ता)

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्ग व्हरांड्यात भरतो. पडकी खोली पाडली त्याला तिसरं वर्ष लागलं. नवी खोली मंजूर आहे हे गावात पोरासोरांनाही माहीत आहे, कारण मंजुरीची बातमी पेपरात आली होती आणि पेढे वाटले होते. मग खोली का उभी राहिली नाही? हा प्रश्न मी दोन वर्षं ज्याला त्याला विचारला. कुणी म्हणालं ठेकेदारच मिळाला नाही, कुणी म्हणालं साहेबांनी खाल्ले, कुणी म्हणालं पुढाऱ्यानं दुसऱ्या गावाला वळवले. प्रत्येकाकडं उत्तर होतं, कागद कुणाकडंच नव्हता.

शेवटी मी कागद बघायला गेलो. सामान्य प्रशासन विभागाच्या नोव्हेंबर २०१८ च्या एका शासन निर्णयानुसार जिल्हा स्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. पहिल्या सोमवारी 'संबंधित टेबल रजेवर आहे' असं ऐकून परत आलो. दुसऱ्या सोमवारी शासन निर्णयाची प्रत सोबत नेली, तेव्हा फाइल समोर आली.

आमची खोली यादीत होती. प्रशासकीय मान्यता होती, तांत्रिक मान्यता होती. निधीच्या रकान्यात मात्र काही नव्हतं. तिथल्या क्लार्कनं फार चांगलं समजावलं (त्यांचे मनापासून आभार) आणि त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला, ज्यानं माझी दोन वर्षांची कोंडी फुटली. तो शब्द म्हणजे दायित्व.

समजा शाळाखोल्यांसाठी जिल्हा वार्षिक योजनेत (जिल्ह्यातल्या विकासकामांसाठी राज्य दरवर्षी निधी देतं ती योजना) यंदा १०० रुपयांची तरतूद आहे. मागच्या वर्षांत मान्यता दिलेली पण पैसे न मिळालेली कामं ६० रुपये मागतात. ते झालं दायित्व. ते आधी वजा करायचं. उरले ४०. त्याच्या दीडपट, म्हणजे ६० रुपयांच्या नव्या कामांना मान्यता द्यायची, कारण सगळी कामं एका वर्षात पुरी होत नाहीत असं गृहीत आहे. इथवर हिशेब ठीक आहे. पण वर्षअखेर १०० पैकी प्रत्यक्षात ७० च आले तर? जुन्यांचे ६० फेडल्यावर नव्या ६० रुपयांच्या कामांसाठी १० उरतात. पुढच्या वर्षाची सुरुवातच ५० रुपयांच्या दायित्वानं होते. मे २०२० मध्ये कोरोनामुळं राज्यानं विकासकामांच्या निधीला ६७ टक्के कात्री लावली होती. त्या एका वर्षाचा भार पुढं किती वर्षं सरकत आला असेल याचा अंदाज करा.

म्हणजे आमच्या खोलीचे पैसे कुणी पळवले याचा पुरावा मला मिळाला नाही. खोली रांगेत उभी आहे. पण गावाला हे कुणी सांगितलंच नाही. मंजुरीची बातमी झाली, रांगेत कितवा नंबर आहे याची बातमी झाली नाही.

तेव्हापासून मी एक पद्धत धरली आहे, ती पुढं मांडतो. चुकत असेन तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

पूर्ण अंदाजपत्रक वाचायला जाऊ नका. दोनशे पानं उलटून हाती फक्त थकवा येतो, हे मी करून पाहिलंय. तुमच्या डोळ्यासमोर असलेलं एक काम घ्या, एकच. रस्ता, खोली, उपकेंद्र, पाझर तलाव, काहीही. त्याचं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबात त्या खर्चाला दिलेला क्रमांक, विचारून घ्या. हा आकडा दिसायला अवघड पण वाचायला सोपा आहे. सुरुवातीचे चार अंक म्हणजे मुख्य शीर्ष. पहिला अंक ० किंवा १ असेल तर ती महसुली जमा. २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, म्हणजे पगार, अनुदान, देखभाल. ४ किंवा ५ असेल तर भांडवली खर्च, म्हणजे नवं काही उभं राहणार. ६ आणि ७ कर्जाचे. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० आरोग्य, ३०५४ रस्त्यांची देखभाल, ५०५४ रस्ते-पुलांवरचा भांडवली खर्च, ४७०२ लघु पाटबंधाऱ्यांवरचा. सगळ्या राज्यांत मुख्य शीर्षं हीच, त्यामुळं एकदा पाठ झाली की कायम उपयोगी.

मग त्या एका ओळीचे रकाने वाचा. राज्याच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात प्रत्येक ओळीपुढं चार आकडे आहेत: २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५ चा अंदाज, २०२४-२५ चा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अंदाज. भाषणात आणि पेपरात येतो तो फक्त चौथा. मी आता पहिला रकाना आधी वाचतो. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एखाद्या आकड्याचं प्रत्यक्षात काय झालं, हे अंदाजपत्रकात छापून येणार मार्च २०२७ मध्ये. तोवर ती घोषणा कुणाच्या लक्षातही नसते, म्हणून जुनं पुस्तक जपून ठेवावं लागतं.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या मंडळींनी आपापली एक ओळ इथं टाकावी अशी विनंती आहे.

---

कोषागार_निवृत्त

धागा आवडला. आयुष्य लेखा शाखेत गेलं, त्यामुळं थोडी भर घालतो.

दायित्वाचं गणित आपण बरोबर मांडलंय. त्यात एक पायरी राहिली. तरतूद, वितरण आणि खर्च या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विधिमंडळ मंजूर करतं ती तरतूद. वित्त विभाग वर्षभरात टप्प्याटप्प्यानं सोडतो ते वितरण. कोषागारातून देयक पारित होतं तो खर्च. 'शंभर कोटी दिले' हे वाक्य ऐकलं की यातलं नेमकं काय दिलं ते विचारायचं. बीम्स ही राज्याची संगणक प्रणाली आहे, त्यात लेखाशीर्षानुसार तिन्ही आकडे असतात. फेब्रुवारीत बघितलं तर तरतूद आणि खर्च यातलं अंतर बघून धक्का बसतो. मार्चात ते झपाट्यानं भरून निघतं.

आणि इथं सावध करतो. ३१ मार्चला खर्ची पडलेला पैसा म्हणजे झालेलं काम नव्हे. निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे वर्ष संपलं म्हणून हातचा जाऊ नये, म्हणून तो कोषागारातून काढून यंत्रणेच्या ठेव खात्यात टाकला की अंदाजपत्रकाच्या दृष्टीनं तो खर्च झाला. जागेवर एक वीटही नसते. महालेखापरीक्षकांच्या अहवालांत या प्रकारावर वारंवार ताशेरे असतात. शिवाय जिल्हा वार्षिक योजनेतून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी खर्च करायला दुसऱ्या वर्षाच्या मार्चपर्यंत मुदत असते. त्यामुळं आपल्या शाळाखोलीसाठी दोन वेगळी कागदपत्रं बघा: निधी जिल्हा परिषदेला कधी वर्ग झाला, आणि मोजमाप पुस्तिकेत (जागेवर झालेलं काम मोजून लिहायची वही) पहिली नोंद कधी झाली. या दोन तारखांमधलं अंतर हीच खरी परीक्षा.

पुरवणी मागण्यांबद्दल, म्हणजे अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर सरकार वर्षभरात विधिमंडळाकडं जादा पैसे मागतं त्याबद्दल, आपण लिहिलं नाही, त्यावरही लिहा.

---

बालाघाट

कोषागार साहेबांशी सहमत, धागाकर्त्याशी अर्धाच सहमत.

तुम्ही म्हणता पैसे कुणी पळवले नाहीत, खोली रांगेत आहे. मग रांग कोण लावतं हा प्रश्न येतो ना? दायित्वाच्या यादीत चाळीस कामं असतील तर यंदाच्या पैशातून कोणती दहा फेडायची हे काही आकाशातून ठरत नाही. आमच्याकडं एक रस्ता मान्यता मिळून आठ महिन्यांत झाला आणि त्याच यादीतला, त्याच्याही आधी मान्यता मिळालेला दुसरा चार वर्षं पडून आहे. दोन्ही गावांतलं अंतर सहा किलोमीटर. फरक कशाचा हे शेंबडं पोरगंही सांगेल.

अंदाजपत्रक वाचलं की सगळं उमगतं असं वाटायला लागतं, तीच मला भीती आहे. कागद नीट असतो. पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या नियोजन समितीची बैठक किती वेळ चालते? एखाद-दोन तासांत शेकडो कोटींचा आराखडा मंजूर. तिथं कुठलं काम कुणी सुचवलं याची नोंद कागदावर सापडणार नाही.

---

तेरणाकाठ

बालाघाट, तुमचं म्हणणं मान्य करतो. मी 'पुरावा मिळाला नाही' असं लिहिलं, 'कुणी काही केलं नाही' असं नाही. पण तुम्ही दोन रस्त्यांची जी तुलना सांगितली ती सिद्ध करायला सुद्धा यादीच लागते. दोन्ही कामांच्या प्रशासकीय मान्यतेच्या तारखा आणि दोन्हींना निधी वितरित झाल्याच्या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. ज्या दिवशी तुम्ही तो कागद ग्रामसभेत किंवा पत्रकारापुढं ठेवाल, त्या दिवशी समोरच्याला उत्तर द्यावंच लागेल. 'शेंबडं पोरगंही सांगेल' याला मात्र कुणी उत्तर देत नाही. मी दोन वर्षं तेच करत होतो म्हणून कळकळीनं सांगतो.

माहिती अधिकारात नुसता 'खर्चाचा तपशील द्यावा' असा अर्ज करू नका, गठ्ठा मिळतो किंवा काहीच मिळत नाही. असं लिहा: अमुक लेखाशीर्षाखाली, अमुक दोन वर्षांतल्या कामांची यादी; कामाचं नाव, मान्यतेचा क्रमांक व दिनांक, मंजूर रक्कम, आजवर वितरित रक्कम, वितरणाचा दिनांक. पाच रकाने. दहा रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत मला हे मिळालं.

---

कयाधू

मी हिंगोली जिल्ह्यातली, स्पर्धा परीक्षेची तयारी करते, त्यामुळं कलमं पाठ आहेत पण कागद कधी बघितला नव्हता. माझा प्रश्न सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीबद्दल आहे. आमच्या कयाधूकाठच्या जमिनी खरवडून गेल्या. ७ ऑक्टोबर २०२५ ला ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. वडील रोज विचारायलेत, यातले आपले किती? मी काय सांगू? हे अंदाजपत्रकात कुठं शोधायचं?

---

कोषागार_निवृत्त

ताई, फार चांगला प्रश्न. 'पॅकेज' नावाचं लेखाशीर्ष नसतं. ती रक्कम म्हणजे वेगवेगळ्या खिशांतल्या पैशांची बेरीज असते. नैसर्गिक आपत्तीची मदत २२४५ या मुख्य शीर्षाखाली येते. त्यामागं राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो, त्यात केंद्र ७५ आणि राज्य २५ टक्के. त्याचे दर ठरलेले आहेत: कोरडवाहू हेक्टरी ८,५००, बागायती १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००. पॅकेजमध्ये राज्यानं बियाणं वगैरेसाठी हेक्टरी १०,००० जादा धरले आणि क्षेत्राची मर्यादा तीन हेक्टर केली. एकूण आकड्यात पीकविमा, रोजगार हमीतून जमीन दुरुस्ती, पायाभूत सुविधांची दुरुस्ती असे भाग आहेत. रोजगार हमीचा पैसा वेगळ्या शीर्षात, विम्याचा तिसरीकडंच, आणि तो तर आधीपासून ठरलेल्या योजनेचा.

म्हणून वडिलांना सांगताना ३१ हजार कोटींना कशानं भागू नका. आपला सातबारा, पंचनाम्यातलं क्षेत्र आणि वरचा दर यांचा गुणाकार करा. खात्यात आलेली रक्कम त्याच्याशी ताडून बघा. कमी असेल तर तलाठ्याकडं पंचनाम्याची यादी मागा. ती गावात प्रसिद्ध व्हायला हवी.

आणि आता पुरवणीकडं येतो, कारण हा पैसा तिथूनच आला. मूळ अंदाजपत्रक मार्च २०२५ मध्ये ७ लाख २० कोटींचं मांडलं, महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. जून अखेरीस पावसाळी अधिवेशनात सुमारे ५७ हजार ५०० कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. डिसेंबरात नागपूरला सुमारे ७५ हजार कोटींच्या, त्यात शेतकऱ्यांच्या मदतीचा मोठा हिस्सा.

---

बालाघाट

म्हणजे मार्चात जे मंजूर केलं त्याच्या जवळजवळ पाचवा हिस्सा वर्षभरात वरून वाढवला? मग मार्चच्या चर्चेला अर्थ काय उरला? पूर येणार हे माहीत नव्हतं, ठीक. पण जूनमध्ये, वर्ष सुरू होऊन तीन महिने होत नाहीत तर?

---

कोषागार_निवृत्त

थोडं थांबा. या स्थूल रकमा आहेत. त्यात केंद्राकडून येणारा हिस्सा, खात्यांमधली समायोजनं असं बरंच असतं. जूनच्या मागण्यांचा निव्वळ भार सुमारे ४० हजार ६०० कोटी होता. त्यामुळं नुसती बेरीज करून पाचवा हिस्सा म्हणणं बरोबर होणार नाही.

तरी तुमचा मूळ मुद्दा खरा आहे आणि मला तो नोकरीत असतानाही खटकायचा. घटनेच्या २०५ व्या कलमात पुरवणीची सोय आहे ती तरतूद अपुरी पडली किंवा नवी बाब अचानक उद्भवली तर. नेहमीचा खर्च आधी कमी दाखवायचा आणि मग पुरवणीत मागायचा, ही सवय वाईट. काही शीर्षांत तर पुरवणी मंजूर होते आणि वर्षअखेर मूळ तरतूदच पूर्ण खर्ची पडत नाही. लेखापरीक्षणाच्या अहवालात अशा शीर्षांची यादी असते. कंटाळवाणी वाटेल, पण आपल्या जिल्ह्याशी संबंधित खातं त्यात दिसतं का ते नक्की बघा.

आणखी एक खूण. राज्याच्या पुस्तकात आकडे हजार रुपयांत छापतात. एखाद्या मोठ्या कामापुढं नुसता '१' दिसला तर ती चूक नव्हे, ती एक हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद. कामाचं नाव पुस्तकात आलं, इतकाच त्याचा अर्थ. भूमिपूजनाचा फलक तेवढ्यावरही लागतो.

---

नाथसागर

उशिरा आलो. इथं सगळे जिल्ह्यातल्या ओळींबद्दल बोलताहेत, मला वरच्या पातळीवरचं एक दुखणं मांडायचंय. आपण मराठवाडा मराठवाडा म्हणतो, पण राज्याच्या अंदाजपत्रकात मराठवाडा कुठं आहे? खातं आहे, योजना आहे, लेखाशीर्ष आहे. आठ जिल्ह्यांची मिळून एक बेरीज कुठं छापलेली नाही.

ती व्हावी यासाठी आधीच्या पिढीनं किती खस्ता खाल्ल्या! १९५३ च्या नागपूर कराराच्या भरवशावर आपण आलो. अनुशेष, म्हणजे बाकी राज्याच्या मानानं राहून गेलेला विकास, मोजायला १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमली, तिनं राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपये काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा २३.५६ टक्के, म्हणजे साधारण ७५१ कोटी. घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. राज्यपालांवर निधीच्या समन्यायी वाटपाची जबाबदारी आली, २००१ पासून त्यांचे निर्देश निघू लागले. त्या काळात सिंचनाचा पैसा प्रदेशवार किती गेला हे निदान विचारता येत होतं, कारण ते मोजणं कुणाचं तरी कर्तव्य होतं. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्यानंतर आपण कशाच्या आधारावर बोलायचं?

त्याऐवजी मिळाल्या त्या मंत्रिमंडळाच्या बैठका. ऑक्टोबर २०१६ ची बैठक, सुमारे ४९ हजार कोटी. सप्टेंबर २०२३ ची, मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी सांगतेच्या आदल्या दिवशी, ४५ हजार कोटींच्या वर आणि सिंचन प्रकल्पांचे वेगळे. दोन्ही वेळा पेपरांचे मथळे मी कापून ठेवलेत. त्यातल्या कृष्णा-मराठवाडा प्रकल्पासारख्या जुन्याच कामांची नावं पुन्हा आलेली दिसतात. ज्या कामाला आधीच मान्यता होती ते पॅकेजमध्ये घातलं तर नवा पैसा किती? धागाकर्त्यानं सांगितलेली चार रकान्यांची रीत इथं लावायला हवी. एकट्याच्यानं होणार नाही, पण आठ जिल्ह्यांतून आठ जण मिळाले तर होईल.

---

बालाघाट

नाथसागर, मंडळं होती तेव्हा अनुशेष भरून निघाला का? मंडळाच्या अहवालांचं काय झालं हे सगळ्यांनी बघितलंय. आणि प्रादेशिक समतोलावरच्या केळकर समितीनं २०१३ मध्ये अहवाल दिला, त्याचं पुढं काय? मोजणाऱ्या समित्या खूप झाल्या.

---

नाथसागर

भरून निघाला नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण तो भरला नाही हे तुम्ही आज ठामपणे म्हणू शकता, कारण कुणीतरी आकडा काढून ठेवला होता. २०२० नंतरच्या पाच वर्षांबद्दल तुम्ही किंवा मी तितक्या ठामपणे काय म्हणू शकतो?

---

सुगी

मी बीड जिल्ह्यातली. महिला बचत गटाचं काम बघते. इथं मोठ्या रकमा चालल्यात, मी गावातली गोष्ट सांगते.

आमच्या गटानं ठरवलं, ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक वाचायचं. ग्रामपंचायत अधिकारी (आम्ही अजून ग्रामसेवकच म्हणतो) आधी म्हणाले, 'तुम्हाला समजणार नाही.' आमच्यातल्या एकीचं बारावी कॉमर्स झालंय. ती म्हणाली, 'नमुना १ द्या, बाकीचं आम्ही बघून घेतो.' नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ८ कर आकारणी, ९ कर मागणी. हे चार आम्ही शिकलो. बाकीचे अजून शिकायचेत.

रविवारी मारुतीच्या पारावर बसून एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. घरपट्टी, पाणीपट्टी किती येणार लिहिलंय आणि मागच्या वर्षी किती आली, हे ऐकल्यावर बायाच म्हणाल्या, 'आगं, आपणच भरली नाही ना पट्टी.' त्या दिवशी सहा जणींनी घरी जाऊन नवऱ्याच्या मागं लागून पट्टी भरायला लावली. हे कुणी सांगून झालं नसतं.

मग स्वउत्पन्नातून महिला-बालकल्याणावर १० टक्के, मागासवर्गीयांसाठी १५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचे असतात हे कळलं. आमच्या नमुना १ मध्ये १० टक्क्यांची रक्कम लिहिली होती. रोकडवहीत त्याचा खर्च म्हणून अंगणवाडीला घेतलेल्या सतरंज्या दाखवल्या होत्या. आम्ही अंगणवाडीत जाऊन सतरंज्या मोजल्या. होत्या. बरोबर निघाल्या. त्याचा आम्हाला फार आनंद झाला हे मुद्दाम लिहिते, कारण तपासणं म्हणजे चोर पकडणंच असं काही नाही.

पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचं मात्र जुळेना. त्यात ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामालाच वापरायचे) असतात, निम्मे पाण्याला आणि निम्मे स्वच्छतेला, आणि ४० टक्के अबंधित. ई-ग्रामस्वराजवर आमच्या गावाचं नाव टाकून बघितलं तर पाण्याच्या कामावर रक्कम खर्ची दिसते, आणि त्या वस्तीत नळाला तोटीसुद्धा नाही. आम्ही २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हे विचारणार आहोत. फोटो काढून ठेवलेत, पानाची छापील प्रत काढलीय. आणखी काय सोबत असावं?

---

तेरणाकाठ

सुगीताई, तुमचा प्रतिसाद वाचून मन भरून आलं. मी एकट्यानं दोन वर्षं जे केलं ते तुम्ही पारावर बसून केलंत.

ग्रामसभेत प्रश्न तोंडी विचारू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. इतिवृत्तात प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहून घ्यायला सांगा, सभा संपायच्या आत वाचून घ्या. खर्चाच्या पानावरचा प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक आणि तारीख प्रश्नातच टाका, म्हणजे 'बघून सांगतो' म्हणायला जागा राहत नाही. मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. काम झालं असेल तर कुठल्या दिवशी किती पाईप टाकला हे त्यात असतंच.

---

कोषागार_निवृत्त

एक शक्यता ध्यानात ठेवा. कधी कधी काम एका वस्तीचं आणि खर्च चुकीच्या उपक्रमापुढं नोंदलेला असतो. पैसा खरोखर दुसऱ्या वस्तीच्या टाकीवर लागलेला असू शकतो. म्हणून ग्रामसभेत 'पैसे खाल्ले' अशी सुरुवात करू नका. 'या प्रमाणकाचं काम कुठं आहे ते दाखवा' असं म्हणा. दाखवलं तर पोटं सगळ्यांची शांत. नाही दाखवलं तर गटविकास अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार आणि स्थानिक निधी लेखापरीक्षणाच्या अहवालात त्या वर्षाचा आक्षेप आहे का ते बघा.

---

कयाधू

कोषागार काका, वडिलांबरोबर बसून गुणाकार केला. पंचनाम्यात आमचं क्षेत्र दोन हेक्टर वीस आर लागलंय, खात्यात दोन हेक्टरचेच आलेत. वीस आर राहिले. सोमवारी तहसीलला जातेय, यादी मागते.

नाथसागर काकांच्या आठ जणांत हिंगोली माझी धरा. ५०५४ पासून सुरू करते.

---

बालाघाट

बीड मी घेतो. सुगीताई, दोन रस्त्यांच्या तारखांचा कागद मी केला की तो तुमच्या गटाला दाखवायला आणीन. पारावर वाचून दाखवा, म्हणजे माझ्या गावातल्यांनाही जमेल.

---

नाथसागर

संभाजीनगर माझ्याकडं, धाराशिव तेरणाकाठांकडं धरतो. जालना, परभणी, नांदेड, लातूर अजून मोकळे आहेत. २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपल्यावर प्रशासकांच्या सहीनं मंजूर झालेली अंदाजपत्रकं आधी मिळवा. सभागृहात त्यांच्यावर एकही प्रश्न विचारला गेला नव्हता, त्यामुळं सुरुवात तिथूनच करू.

---

सुगी

एक विचारायचं राहिलं. दिव्यांगांच्या ५ टक्क्यांची आमच्या नमुना १ मध्ये वेगळी ओळच नाही. गावात अकरा दिव्यांग आहेत. ती ओळ कुठं शोधायची?

---

कोषागार_निवृत्त

ओळ वेगळी असायलाच हवी, ताई. नसेल तर २६ तारखेच्या ग्रामसभेत पाण्याच्याही आधी हा प्रश्न घ्या. अंदाजपत्रक दुरुस्त करता येतं, त्यासाठी नमुना २ आहे, पुनर्विनियोजनाचा, म्हणजे एका बाबीचा पैसा दुसरीकडं वळवण्याचा. अकराही जणांना त्या दिवशी सभेला घेऊन जा.